सूर्य डाव्या हाताला

सत्त्याऐंशी सालचा ऑक्टोबर सरत आला होता. पेणच्या खाडीकाठी राहणाऱ्या काळुरामला फौजेतल्या मुलाचं, रघूचं पत्र आलं. त्याची पलटण मद्रासला आहे, एवढंच घरी ठाऊक होतं. धाकटी लेक हौसा मोठ्यानं वाचू लागली.

‘आम्ही बोटीवर आहोत. कुठे चाललो ते लिहायची परवानगी नाही. रात्री काडी ओढायलाही बंदी आहे. पण सकाळी डाव्या हाताला काय सुरेख सूर्य उगवतो! आईला सांग, उडणारे मासे पाहिले.’

मासे ऐकून रघूची आई इंदुबाई हसली. काळुरामनं मात्र डावा हात उगवतीकडे धरून पाहिला. जन्म मिठागरात गेलेला. दिशा त्याला कुणाला विचारावी लागत नसे. सकाळचा सूर्य डावीकडे, म्हणजे बोट दक्षिणेला. लंकेत आपले जवान मरतायत, हे त्यानं सकाळीच रेडिओवर ऐकलं होतं.

“कुठं चाललाय वो रघू?” इंदुबाईनं विचारलं.

“दक्षिणेला.”

“तिकडं काय हाय?”

“दर्या हाय,” तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

इंदुबाईचं हसू मावळलं. “हौसा, तारीख बघ गो.”

पत्र तेरा दिवसांपूर्वीचं होतं. बोट केव्हाच किनाऱ्याला लागली होती.