दहा पौंडांचा गॅलन

मुलांनो, तुमच्याकडच्या पाण्याच्या बाटलीवर लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार, ते सरळ छापलेलं असतं. आमच्या वेळी तसं नव्हतं.

आंबिवलीच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात आम्ही दोघी मुली पाणी तपासायचो. मी डोंबिवलीची, ती कोलशेतची, मिठागरवाल्यांच्या घरातली. दोघीही सहा महिन्यांच्या उमेदवारीवर, आणि कायम एकीलाच करणार होते. आमच्या तपासणीत पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, दहा लाख भागांत किती भाग, असा निघे. बॉयलरखान्याला तो गॅलनमागे किती ग्रेन, असा लागे. ग्रेन म्हणजे साधारण अर्ध्या गुंजेएवढं वजन. मी लॉगच्या कोष्टकात बोट फिरवत असे, तोवर ती सातने गुणून, दोन शून्यं उडवून मोकळी.

"दोनशे ना गो? चौदा ग्रेन. लिही."

साहेब कौतुकाने हसत. माझा जळफळाट होई.

एकदा कॉलेजच्या वाचनालयातून आणलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात मला दिसलं: सतराने भागा. म्हणजे दोनशेचे पुरते बारा ग्रेनही होत नव्हते! पाच महिने बाईसाहेब चुकत होत्या तर. तिला एका शब्दाने न विचारता मी ते पुस्तक तिच्यादेखत साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी पहिलं पान पाहिलं. "अगं, हे अमेरिकेत छापलंय. त्यांचा गॅलन लहान. आपल्या गॅलनमध्ये दहा पौंड पाणी, आणि पौंडाचे ग्रेन सात हजार. म्हणजे गॅलनचे सत्तर हजार, दहा लाखांतल्या शंभर भागांना सात ग्रेन. तिचं बरोबर आहे. तुझा कमी आकडा बॉयलरखान्यात जाऊन नळ्यांत क्षार साचले असते म्हणजे?" त्यांनी शेऱ्यांची वही ओढली.

"सर, पुस्तक मीच दिलं तिला," ती म्हणाली. "गॅलनचं सांगायला विसरले."

वही मिटली.

बाहेर येऊन मी तिच्यावरच उखडले. "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय, शेरा घेऊन घरी गेली असतीस? चल, डबा खाऊ."

तिने एखादा टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

महिन्याभराने ती कायम झाली. पेढे घेऊन ती आमच्या घरी आली, तेव्हा मी आईला म्हटलं, "मी ठाण्याला गेलेय म्हणून सांग." आतल्या दाराआड उभी राहून मी ऐकत होते. ती आईला सांगत होती, "तुमच्या मुलीइतकी नीट वही कारखान्यात कुणाचीच नाही, काकू."

ते ऐकल्यावर तर ती मला मुळीच सहन होईना.