ठिगळाचं वल्हं

माझ्या बहिणीचा नवरा इल्पो हुत्तुनेन याने आयुष्यात एकच चांगलं गाणं केलं, आणि ते आपलं नाहीच असं स्वतःच्या तोंडाने सांगून बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी हे रागानेच सांगते आहे, कारण तो हे बोलला तेव्हा मी समोर उभी होते.

इल्पो आमच्या ईसाल्मी गावात शाळेची बस चालवतो. बर्फात चाक रुतलं तरी शिवी देत नाही. मुकाट उतरतो, फावडं काढतो. पण शनिवारी सरावाच्या गॅरेजमध्ये आला की त्याच गळ्यातून असा आवाज निघतो की शेजाऱ्यांचं कुत्रं सोफ्याखाली जाऊन बसतं. आमच्या बँडचं नाव राउताकांकी, म्हणजे पहार. गातो आणि गिटार वाजवतो इल्पो, ड्रमवर टार्मो, आणि बास गिटार माझ्याकडे. तरुणपणापासून हेवी मेटल वाजवतोय आणि तरुणपणापासून आमची स्वतःची गाणी कोणी ऐकत नाही.

मग हेलसिंकीतल्या एका कंपनीला वाटलं, तळ्याकाठच्या नाचमंडपांत वाजणारे जुने टँगो, म्हणजे जोडीने नाचायची गाणी, कोणाकडून तरी हेवी मेटलमध्ये वाजवून घ्यावेत. दहा गाणी, सगळी जुनी, सगळी दुसऱ्यांची. कव्हर अल्बम.

"इतकी वर्षं घासली ती शेवटी दुसऱ्याचीच भांडी," टार्मो म्हणाला. तरी आम्ही हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर पहारीचा अल्बम कधी निघालाच नसता.

नऊ गाणी झाली. दहाव्याची परवानगी ऐन वेळी अडली. कंपनीचा माणूस फोनवर ओरडायला लागला, उद्यापर्यंत दुसरं जुनं गाणं द्या, नाहीतर राहू द्या. तेव्हा इल्पो खाकरला आणि म्हणाला, "एक आहे तसं. आमचे वडील अकॉर्डियनवर वाजवायचे. कोणाचं आहे, कोणाला ठाऊक."

इल्पोच्या वडिलांनी अकॉर्डियनला कधी हात लावला नव्हता. त्यांना धड शीळही घालता येत नसे.

ते गाणं इल्पोने माझ्या बहिणीसाठी, मेर्वीसाठी केलं होतं, लग्नाच्या आधी. पहिल्यांदा तिला होडीतून फिरवायला नेलं तेव्हा मेर्वीने हौसेने वल्हं हातात घेतलं आणि खडकावर आपटून फोडलं. इल्पोने त्याला पत्र्याचं ठिगळ मारलं आणि पुढच्या रविवारी त्याच होडीत तिला हे गाणं म्हणून दाखवलं. त्यात ते ठिगळाचं वल्हंही होतं. आमच्याकडचे पुरुष प्रेमाबिमाचं बोलत नाहीत, त्यामुळे मेर्वीला तेवढं गाणं जन्मभर पुरलं.

"अरे, हे काय केलंस?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"जुनं पाहिजे म्हणाले ना? माझं म्हटलं असतं तर घेतलं असतं का?"

"मग निदान मेर्वीला तरी सांग."

"सांगेन की. वेळ आली की."

आम्हा सावो प्रांतातल्या लोकांबद्दल एक म्हण आहे: सावोचा माणूस तोंड उघडतो, तेव्हा समजून घ्यायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. इल्पोने तर तोंडही उघडलं नाही. वर रेकॉर्डिंगच्या दिवशी गाण्यातलं पत्र्याच्या ठिगळाचं वल्हं काढून चंदेरी वल्हं घातलं. "जुन्या गाण्यात पत्रा कुठून येणार?" म्हणाला. खोटं बोलायला बसला की माणूस किती नीटनेटका होतो बघा.

अल्बम निघाला. नऊ गाण्यांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. दहावं रेडिओवर लागलं, मग परत लागलं, मग लागतच राहिलं. मेर्वीने ते पहिल्यांदा स्वयंपाकघरात ऐकलं, मी तिथेच कॉफी पीत होते. निवेदिका म्हणाली, पारंपरिक गीत. मेर्वीने रेडिओ बंद केला.

"पारंपरिक?" तिने इल्पोला विचारलं. "मग माझ्यासाठी केलंय म्हणाला होतास ते?"

सरळ सांगायचं ना! मेर्वी, कंपनीला थाप मारली, गाणं तुझंच आहे. एका दमात झालं असतं. पण इल्पो कपात बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे... एका अर्थी तुझ्यासाठीच."

"एका अर्थी म्हणजे कुठल्या अर्थी?"

"तसं नाही... बसचा वायपर बघायचाय जरा," असं म्हणून तो बाहेर गेला.

मी मेर्वीला फोनवरचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू त्याच्या बँडमधली, तू त्याचीच बाजू घेणार." त्यातच रविवारी चर्चमधल्या कॉफीला आमची लेम्पीमावशी भेटली. वय ऐंशीच्या वर, आवाज खणखणीत. "अगं मेर्वी, त्या गाण्यावर आम्ही शाळेत असताना नाचायचो! तुझ्या नवऱ्याने पार वाट लावली त्याची." शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकीला तर तिच्या आजीने ते पाळण्याशी म्हटलेलं आठवत होतं. मी म्हटलं, "मावशी, शक्यच नाही, ते इल्पोने केलंय." मावशी म्हणाली, "बस चालवणाऱ्याने? काहीतरीच तुझं!"

तिथे मेर्वीचा विश्वास पुरता उडाला. घरी येऊन ती इल्पोला एवढंच म्हणाली, "म्हणजे जुन्या गाण्याला एक ठिगळ मारलंस आणि अख्खं गाणं माझं म्हणून खपवलंस." मग बटाटे लावायचे म्हणून तळ्याकाठच्या त्यांच्या उन्हाळी झोपडीत राहायला गेली. बटाटे लावून झाले तरी परतली नाही.

इल्पो रोज बस चालवायचा. मागे बसलेली पोरं तेच गाणं गायची, चंदेरी वल्ह्यासकट. मला त्याची दया यायची आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटायचं. "जा ना झोपडीवर," मी म्हणायचे. "जाईन की," तो म्हणायचा.

जूनच्या अखेरीस नाचमंडपात आमचा कार्यक्रम लागला. मंडप गच्च भरला होता, आणि बायकांच्या बाकावर लेम्पीमावशीशेजारी मेर्वी बसली होती. मावशीने तिला ओढूनच आणलं होतं. आमच्या मंडपात नाचायला एकदा पुरुष विचारतात, एकदा बायका. दहावं गाणं आलं तेव्हा 'आता बायकांनी विचारायचं' ही पाटी उजळली. अशा वेळी बाईने विचारलं तर नाही म्हणायचं नसतं.

टार्मोने काठ्या उचलल्या. इल्पोने हात वर करून त्याला थांबवलं आणि माइकपाशी गेला. त्याची मान लाललाल झाली होती.

"हे गाणं जुनं नाही. मी केलंय. मेर्वीसाठी. वडिलांचं म्हणालो ते खोटं होतं."

आणि थांबला. ना "तसं", ना "म्हणजे", ना "एका अर्थी". इतक्या वर्षांत त्याची एवढी सरळ वाक्यं मी ऐकली नव्हती. लोक खो खो हसले. "बियर कमी घे!" मागून कोणीतरी ओरडलं. इल्पो गायला लागला, आणि त्याने पत्र्याचं ठिगळ म्हणताच लेम्पीमावशी उभी राहिली.

"चंदेरी! चंदेरी वल्हं आहे ते! निदान शब्द तरी नीट म्हण!"

सगळा मंडप "चंदेरी, चंदेरी" करायला लागला. इल्पोचा आवाज त्यात बुडाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाने. माणूस एकदाचा खरं बोलला, आणि त्याचंच गाणं त्याच्या तोंडातून काढून घेत होते.

तेवढ्यात मेर्वी उठली. मधली मोकळी जागा ओलांडून थेट स्टेजपाशी आली. वाजवणाऱ्याला कोणी नाचायला विचारत नाही, पण तिने हात पुढे केला.

"मेर्वी, गाणं चालू आहे," इल्पो म्हणाला.

"पाटी बघ. ठेव ती गिटार."

त्याने ठेवली. टार्मोने आणि मी कसंबसं रेटत नेलं, आणि अख्खा मंडप गात होता, चुकीच्या शब्दांत, जिवाच्या आकांताने. दोघं स्टेजच्या पायाशीच नाचत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"चुकीचं गातायत सगळे," इल्पो कुरकुरला.

"गाऊ देत. ते वल्हं मी फोडलं होतं, त्यांनी नाही. गाणं माझं आहे ना?"

"एका अर्थी..." इल्पोने सुरुवात केली, आणि मेर्वीने त्याच्या पायावर पाय दिला. चुकून नाही, मी बघत होते.

"तुझंच," तो म्हणाला.