लाल रेघेच्या दोन ट्यूबा

"हे नुसते पिंपल्स नाहीत. तोंडाला काय लावत होता तुम्ही?"

धाराशिवच्या डॉक्टर मॅडमनी भिंग खाली ठेवून मला हे विचारलं. माझ्या आधी आईनं उत्तर दिलं. "काई न्हाई ओ मॅडम, मेडिकलातलं साधं क्रीम लावती," म्हणाली आणि पिशवीतनं ट्यूब काढून टेबलावर ठेवली. पोरीच्या तोंडाची आपण हयगय केली नाही, हे मॅडमना दिसावं म्हणून ठेवली.

मॅडमनी ट्यूब उलटी करून पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. मग तिच्यावरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ दिसते? हिचा अर्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही. यात स्टेरॉईड आहे. कधीपासून लावताय?"

"कॉलेज लागल्यापासनं."

कागदावर लिहिता लिहिता त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, 'टॉपिकल स्टेरॉईड डॅमेज्ड फेस'. म्हणजे स्टेरॉईडचं मलम लावून लावून बिघडलेला चेहरा. हे मलम पहिल्या आठवड्यात जादू करतं. फोड बसतात, रंग उजळतो. मग आतल्या आत कातडी पातळ होत जाते. बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, फोड परत येतात. मलम थांबवलं की दुप्पट येतात, म्हणून माणूस परत तेच लावतो. दारू सुटत नाही तसं हे सुटत नाही.

मी एका संघटनेचं काम करते. तेरच्या पलीकडं आमचं गाव आहे. पोरींसाठी सकाळची एसटी वेळेवर यावी, बारावीच्या आत लग्नं लावू नयेत, यासाठी मी पत्रकं लिहिते आणि वाटते. गोऱ्या रंगाच्या वेडाविरुद्धही एक पत्रक मीच लिहिलंय. आणि ते लिहीत असताना हेच मलम माझ्या तोंडाला होतं. मी ते फोडांवरचं औषध समजत होते. ट्यूबवर गोऱ्या, हसऱ्या बाईचा फोटो होता, तरी समजत होते. म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरातल्या ट्यूबा आज उलट्या करून बघा, मग पुढचं वाचा.

मॅडमनी ते मलम बंद केलं. गोळ्या दिल्या, तोंडाला लावायला साधं मॉइश्चरायझर दिलं आणि बजावलं, "आता त्रास होणार. घाबरून परत ट्यूबकडं जाऊ नका."

त्रास म्हणजे काय, हे शब्दांत सांगायला लाज वाटावी इतका. चुलीपुढं तोंड धरल्यासारखी आग. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडं पिवळ्या तोंडाचे फोड. उशीला गाल टेकता येईना. जेवताना जबडा हलला की कातडी ताणायची. आई पंखा माझ्याकडं करून स्वतः घामात बसायची.

आग थोडी निवल्यावर दुसरी ट्यूब मिळाली. तिच्यावरही लाल रेघ होती, पण या वेळी चिठ्ठी होती. अ‍ॅडापलीन. हे 'रेटिनॉइड' आहे, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. मॅडमनी सांगितलं, कातडीची बारीक छिद्रं मेलेल्या पेशींनी बुजतात आणि आत फोड तयार होतात. हे औषध ती छिद्रं बुजू देत नाही. फोडावर ठिपका लावायचा नाही. तुरीच्या दाण्याएवढं घेऊन कोरड्या तोंडाला सगळीकडं, तेही रात्री आणि सुरुवातीला एक दिवसाआड. लिंबू, बेसन, मुलतानी माती, घरातलं काहीही वरून लावायचं नाही.

"पहिले काही आठवडे साल जाईल आणि फोड वाढतील. त्याला 'पर्जिंग' म्हणतात. आत दडलेले लवकर वर येतात. तीन महिने मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण मनानं मलम सोडू नका," मॅडम म्हणाल्या. "आणि उन्हात जाऊ नका."

मला हसू आलं. धाराशिव जिल्ह्यात राहायचं आणि उन्हात जायचं नाही. फाट्यावर एसटीची वाट बघायला शेड नाही. शेतात काय छत्र्या लावून खुरपतात? ज्या बाईचं पोट उन्हात उभं राहण्यावर आहे तिनं हे औषध कसं घ्यायचं, याचं उत्तर कुणाकडं नाही. मॅडमकडंही नव्हतं. त्यांनी सनस्क्रीन लिहून दिलं आणि म्हणाल्या, "स्टोल तरी नीट बांधा." हे त्या खजील होऊन म्हणाल्या, म्हणून मला त्या आवडल्या.

साल जायला लागली. नाकाच्या कडेनं, ओठांच्या कोपऱ्यातनं पापुद्रे सुटायचे. एसटीत एकदा स्टोल सरकला तर शेजारची म्हातारी म्हणाली, "भाजलीस काय गं पोरी?"

"व्हय."

"स्टो का ग्यास?"

"ग्यास," मी म्हणाले. ते सोपं होतं. भाजलेल्या पोरीची कीव येते. फोडवाल्या पोरीला मात्र सगळे विचारतात, तोंड धुतीस का, पोट साफ होतं का, तेलकट खातीस का.

मी सभांना जाणं बंद केलं. पत्रक लिहून दुसऱ्यांच्या हातात द्यायचं, मी घरात. बिनाआरशाची वेणी घालायला शिकले. मग वेणीचाही कंटाळा यायला लागला. सगळंच नको वाटायचं. उद्या उठूच नये असं वाटायचं. हे मी सजवून लिहीत नाही. तोंडावरच्या फोडांनी कुणी जिवाला कंटाळतं का, असं ज्यांना वाटतं त्यांचं तोंड साफ असतं. तुम्हाला असं वाटलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मी आईला सांगितलं. त्या दिवसापासनं तिनं तिचं अंथरूण माझ्याशेजारी टाकलं. पुढच्या खेपेला तिनंच मॅडमना सांगितलं, आणि मॅडम पेन ठेवून माझ्याशी बराच वेळ बोलल्या.

एवढ्यात चुलत बहीण मनीषाचं लग्न आलं. पोरगा मुरुम गावचा, घरचं दुकान. मी करवली. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मनीषा मला सख्ख्या बहिणीसारखी.

आमच्याकडं नवरीला लावून उरलेली हळद बिनलग्नाच्या पोरींना फासतात, म्हणजे त्यांचंही लवकर जमतं. मी मांडवाच्या कडेला उभी होते. काकूनं बघितलंच.

"आगं हिला आधी लावा. हिलाच गरज हाय."

"काकू, मला औषध चालू हाय. डॉक्टरनी काही लावू नको म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतंय. हळद थंड असती. त्यात लिंबू पिळलंय म्या, तोंड कसं उजळंल बघ."

"लिंबू तर अजिबात—"

"बया, भाषण नको देऊस मांडवात," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. दोघींनी हात धरले, तिसरीनं ताटलीतला लपका गालावर दाबला आणि चांगला चोळला. मी ओरडले. लाजून ओरडते असं त्यांना वाटलं. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहितेय. माझं लग्न जमावं म्हणून प्रेमानं त्यांनी माझी सोललेली कातडी लिंबानं घासली.

बॅरलमधलं पाणी तांब्यानं तोंडावर ओतत राहिले. आग थांबेना. डोळ्यांखाली सूज चढायला लागली. मनीषा हळदीच्या अंगानंच मागं आली, मला खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"आता रडू नको. हे लाव. उद्यापतोर बसतंय सगळं." तिनं तिच्या मेकअपच्या पिशवीतनं ट्यूब काढली. तीच. हसऱ्या बाईची.

टोपण उघडलं. तो वास ओळखीचा होता. मला माहीत होतं, थोडं लावलं की सकाळपर्यंत लाली उतरणार. उद्या मुरुमची सगळी मंडळी येणार होती आणि मला नवरीच्या मागं पाण्याचा कऱ्हा धरून उभं राहायचं होतं. एवढे दिवस सोसलेलं सगळं मी त्या क्षणी ट्यूबच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. तत्त्व वगैरे काही आठवलं नाही. मी पिळणारच होते.

मग मनीषाकडं बघितलं. हळद वाळून भेगाळली होती आणि मध्येमध्ये तिचा गाल दिसत होता. बारीक लाल शिरा. कानापासनं हनुवटीपर्यंत लव.

"तू कधीपासनं लावायलीस हे?"

"जमल्यापासनं. ते बघायला आले तवा म्हणले, पोरगी उजळ हाय. मग तेवढं तर राहायला पायजे की."

"मने, हे सोड. माझं तोंड ह्याच्यानंच असं झालंय."

"उद्या लग्न हाय माझं," ती म्हणाली. "उद्या सोडू व्हय?"

मी टोपण लावून ट्यूब तिच्या हातात दिली आणि ओला पंचा तोंडावर घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सुजलेलं, लालबुंद तोंड घेऊन मी कऱ्हा धरून उभी होते. मुरुमच्या बायकांनी काकूला विचारलं, "हिला काय झालंय?" काकू म्हणाली, "उष्णता." अक्षता पडल्या.

लग्नानंतर मॅडमकडं गेले. त्या रागावल्या नाहीत. "लग्नघरात डॉक्टरचं कोण ऐकतं," म्हणाल्या. सगळं बंद, फक्त मॉइश्चरायझर. कातडी भरून आल्यावर अ‍ॅडापलीन पुन्हा पहिल्यापासनं, आठवड्यातनं दोनदा. मी तिथंच रडले, कारण सोसलेले आठवडे वाया गेले होते. त्या म्हणाल्या, "वाया नाही गेलेत. जुनी ट्यूब लावली असती तर गेले असते."

गावातल्या मेडिकलवाल्या अण्णांना जाऊन विचारलं, चिठ्ठी नसताना का देता? "ताई, मी न्हाय दिलं तर फाट्यावरचा देतो. पोरी येऊन नाव घेऊन मागतात," असं ते म्हणाले. खरंही असेल. पण म्हणून विकणाऱ्याचे हात धुऊन निघत नाहीत. लाल रेघ वाचायची जबाबदारी सातवी शिकलेल्या आईवर टाकायची, आणि औषधाचं शिक्षण घेऊन गल्ल्यावर बसलेल्यानं ती रेघ दिसत असताना नुसती ट्यूब पुढं सरकवायची, याला धंदा म्हणत नाहीत.

हळूहळू फरक पडला. एका सकाळी आठवलं की जेवताना तोंड दुखलं नाही. मग नवे फोड येईनासे झाले. जुन्यांचे डाग आहेत, गालावर खड्डे आहेत. ते या मलमानं भरत नाहीत, मॅडमनी आधीच सांगितलंय. मी सभेत बोलायला लागले. पुढच्या रांगेतल्या बायका गालाकडं बघतात, मग ऐकतात. मॅडमचे आणि माझ्याशेजारी अंथरूण टाकणाऱ्या आईचे उपकार मी विसरणार नाही.

हे इथं संपवलं असतं. पण पंचमीला मनीषा माहेरी आली ती तोंड गुंडाळूनच. लग्न झाल्यावर तिनं एकदम मलम सोडलं होतं, आणि माझं झालं तेच तिचं झालं. मग परत लावलं. आता लावूनही बसत नव्हतं.

मी तिला मॅडमकडं नेलं. ती म्हणाली, "हिला दिलंय तेच मला द्या."

मॅडमनी विचारलं, "दिवस गेलेत का?"

मनीषा फरशीकडं बघत हळूच म्हणाली, "पाळी चुकलीय. घरी अजून सांगितलं न्हाय."

"मग रेटिनॉइड नाही देता येणार. गरोदरपणात ही औषधं आम्ही देत नाही. दुसरं, सौम्य देते. फरक हळू पडेल. आणि ती ट्यूब मात्र आजच बंद."

बाहेरच्या बाकावर ती माझ्याशेजारी बसली. "नवी नवरी, त्यात असलं तोंड. सासरी बाळाचं सांगताना आत्याबाई माझ्या तोंडाकडंच बघतील. काय करू गं मी?"



"ट्यूब कुठंय?" मी विचारलं.

तिनं पर्समधनं काढली, पण दिली नाही. मुठीत धरून ठेवली. "तुझं किती दिवसात गेलं?"

खोटं बोलले असते तर तिनं लगेच दिली असती.

"अजून न्हाय गेलं," मी म्हणाले.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आल्यापासनं पहिल्यांदा नीट. डाग बघितले, खड्डे बघितले. वेळ घेऊन बघितलं. मग मूठ उघडून ट्यूब माझ्या हातावर ठेवली.