तयारी आहे का?

मी सहसा इथे काही लिहीत नाही. आज आमच्या दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, दहावा झाला, म्हणून लिहितोय.

चौऱ्याऐंशी साली दादा ताम्हिणीहून पुण्याला एका नव्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मुलाखतीला गेला. मी सोबत होतो. बारावीला आमच्या भागात त्याच्याइतके मार्क कुणालाच नव्हते. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी मार्क पाहून मान डोलावली आणि विचारलं, "तयारी आहे का?"

दादा म्हणाला, "व्हय साहेब, पूर्ण तयारी हाय. गणित तर कुटूनबी इचारा."

सगळे खो खो हसले. "अरे बाळ, पैशाची तयारी!"

आमच्याच ओळखीचा एक मुलगा मागे उभा होता. मार्क दादापेक्षा बरेच कमी, पण त्याच्या वडिलांची तयारी होती. सीट त्याला मिळाली. दादा जन्मभर लोकांच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करत राहिला.

आज आम्ही नदीवरून परतल्यावर तेव्हा सीट मिळालेला तोच मुलगा भेटायला आला. आता तो एका कॉलेजचा संचालक आहे. त्यानं दादाच्या मुलीला बारावीचे मार्क विचारले.

"वा! वडिलांवर गेलीस. आमच्याकडे ये की. तयारी आहे ना?"

"हो काका, पूर्ण तयारी आहे. कुठलाही विषय विचारा."

या वेळी कुणी हसलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

पोरगी आत पुस्तक उघडून बसली आहे. तयारीचा अर्थ तिला कुणी सांगायचा?