मडगार्डवरचा तळहात
पेट्रोलचा वास आला की मला मंगरूळपीरचं ते गॅरेज आठवतं. तुमच्या आजोबांना तेव्हा ऐकू येणं पार बंद झालं होतं, आणि लग्नानंतर ज्या गाडीतून त्यांनी मला घरी आणलं, ती एक्सिलरेटर दाबताच अडखळायची. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, तरी इंजिन आचके देतच राहिलं. शेवटी गाडी न्यायला भंगारवाला येऊन उभा राहिला. तेवढ्यात आजोबांनी चालू गाडीच्या मडगार्डवर तळहात टेकवला आणि ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर फिरवायची खूण केली. “चाचा, तुमाले ऐकू येत नाई अन् टायमिंग लावून राह्यले का?” मेकॅनिक हसला, पण केसाकेसाने फिरवत गेला. आजोबांनी डोळे मिटले होते. “बस, इथंच!” ते एकदम ओरडले. मेकॅनिकने एक्सिलरेटर दाबला आणि इंजिन जराही न अडखळता एका दमात उठलं. मग भंगारवालाच दार उघडून मागच्या सीटवर बसला. “हिले कायले तोडायचं? आधी मले एक चक्कर फिरवून आना!” आजही मी कधी चालू गाडीवर हात ठेवून पाहते, मला नुसती थरथर जाणवते.