वाफ्यातल्या साती आसरा

मी एकदा चुकून सात देवींची स्थापना केली. तेव्हा मी तिशीतली होते, पदवीधर होते आणि कापूरहोळच्या एका दूध संस्थेत कारकून होते. या तिन्हींतलं काहीच माझ्या कामी आलं नाही.

आमचं घर उत्रोलीला. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर वाईकडचं. तिनं स्ट्रॉबेरीची रोपं आणून दिली, ती मी परसात पाण्याच्या हौदाशेजारी वाफा करून लावली. (शेतकऱ्याच्या घरात दिलेली मी, पण तोवर माझ्या हातून कोथिंबीरसुद्धा जगली नव्हती.) लेक चिमी तेव्हा दुसरीत. तिला कबूल केलं होतं, "पहिली पिकलेली तुझी. आपण दोघी मिळून तोडू."

अडचण एवढीच, की मी घरी पोचायचे अंधार पडल्यावर. ऑफिसात फार काम असतं, असं घरी सांगायचे. (काम पाचला संपायचं. मग हायवेच्या ढाब्यावर मैत्रिणींबरोबर कांदाभजी असायची. ती फार असायची.) चिमी हौदाच्या कठड्यावर वाट बघून पेंगलेली. "उद्या तोडू हं" म्हणत मी तिला आत न्यायचे, आणि उजाडता उजाडता बुलबुल येऊन फळ खाऊन जायचा. असं दोन-तीनदा झाल्यावर चिमीनं रडणंही सोडलं. म्हणाली, "आई, तू त्या बुलबुलाचीच आई हो."

ते मला लागलं. वाईवाल्या मैत्रिणीनं उपाय सांगितला, "फळाएवढे गोटे लाल रंगवून वाफ्यात ठेव. पाखरू एकदा चोच मारतं, पुन्हा फिरकत नाही." सकाळी एसटी गाठायची घाई. घरात लाल रंग नव्हता, देवघरात शेंदूर होता. तेलात कालवला, नदीतले गोटे माखले, वाफ्याच्या कडेला ओळीनं मांडले आणि पळाले. गोटे किती, ते मी मोजलं नाही. शेजारच्या सखूमावशींनी मोजलं. सात.

पाण्याकाठी शेंदूर फासलेले सात दगड म्हणजे कोण, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. साती आसरा! पाण्यातल्या सात देवी. (एक गोटा कमी ठेवला असता तरी वाचले असते.)

संध्याकाळी येते तो परसात उदबत्त्यांचा धूर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिरव्या बांगड्या, खण, आणि निम्मी आळी हात जोडून उभी.

"पोरी, भाग्याची हायस," सखूमावशी म्हणाल्या. "आसरा तुज्या दारी आल्या."

"मावशी, ते दगड..."

"दगड म्हनू नगंस. सकाळी पाया पडले आन् माजी म्हस, आठवडाभर लाथा झाडत व्हती, ती निवांत पान्हावली बग."

म्हशीनं साक्ष दिल्यावर माझं कोण ऐकणार? मी मुकाट्यानं पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याच गोट्यांच्या पाया पडले.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फार गंभीर झाल्या होत्या. "आता रोज दिवेलागणीला हितं दिवा लागला पायजे. आन् तो घरच्या सुनेनंच लावायचा. म्या सांगंपतुर फळाला कुनी हात लावायचा न्हाई."

चिमीनं वाफ्यातल्या टपोऱ्या फळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "म्हणजे हे पण गेलं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, "आजपासून मी पाचच्या ठोक्याला निघणार. घरी देव आलेत."

"बाई, घरी पाहुणे येतात. देव कसे येतील?"

"सातजणी आहेत, साहेब."

साहेबांनी हजेरीपट पुढं ओढला. मैत्रिणी भजी खात हात हलवायच्या, मी एसटीच्या खिडकीतून ढाब्याकडं बघत निघायचे. घरी पोचले की अजून ऊन असायचं. चिमी कठड्यावर टक्क जागी. मी वात वळायची, तिनं तेल घालायचं, मग दोघींनी दिव्याशेजारी बसून पाढे म्हणायचे. दिवसभर दर्शनाला बायांची ये-जा. बुलबुल घाबरून पार नाहीसा झाला. फळ निवांत लालबुंद होत गेलं.

आठवड्यानं आत्याबाईंनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि म्हणाल्या, "तोडा दोघी मिळून. परसाद पोरीचा."

आम्ही तोडलं. चिमीनं अर्धं खाल्लं, अर्धं मला दिलं. मी कोपरा चावून पाहिला, डोळे मिटण्याइतकं आंबट होतं. "फार आंबट आहे," असं म्हणून तिनं माझं अर्धंही काढून घेऊन खाल्लं.

ते पाहून मला राहवलं नाही. चिमी आत पळाल्यावर म्हटलं, "आत्याबाई, माझ्या हातून पाप झालं. ते गोटे मीच रंगवलेत, पाखरांसाठी."

आत्याबाई दिव्याची वात सारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"पयल्याच दिशी कळलं मला. तुज्या नखात शेंदूर व्हता. ऑफिसच्या कामाला कांद्याचा वास येतो, त्ये बी कळत व्हतं. पर म्हनलं, ऱ्हाऊ दे. लवकर ये म्हनून पोरगी सांगून दमली, म्या सांगून दमले. तू मानसाचं काय ऐकंनास. दगडाचं ऐकलंस."