सईच्या पोटातली खीर

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि हसायचे. उदगीरला एका शाळेत विज्ञान शिकवते. चौकात कुणाचा उतारा पडलेला असला तरी बिनदिक्कत ओलांडून जाणारी बाई आहे मी... त्यामुळे हे लिहिताना माझाच हात अडतोय. पण मनात ठेवून ठेवून जीव कोंडायला लागलाय.

माझी मुलगी सई जन्मली तेव्हा उशिरा रडली. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला आणि तिला गिळता येईना. पाजलेलं दूध छातीत जायचं. न्यूमोनिया होऊन ती नांदेडच्या दवाखान्यात मरता मरता वाचली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी नाकातून पोटात बारीक नळी घातली आणि बजावलं — तोंडाने थेंबभरही द्यायचं नाही, पुन्हा छातीत गेलं तर वाचवणं अवघड आहे. घरी ते काम माझं, त्यासाठी शाळेतून रजा घेतली. दूध देण्याआधी दर वेळी सिरिंजने पोटातलं थोडं ओढून बघायचं, म्हणजे नळी जागेवर आहे हे कळतं. मग सिरिंज उंच धरून दूध ओतायचं, ते आपसूक उतरतं.

सई सात महिन्यांची झाली तशी माझी आई उमरीहून आली. उष्टावण करायचंच म्हणून हटून बसली. आमच्यात बाळाला पहिला घास मामा भरवतो. आता मामा कुठून आणायचा? माझा एकुलता भाऊ, दत्तादादा, सई पोटात असतानाच मोटारसायकलच्या अपघातात गेला. पहिली खीर मीच भरवणार, असं फोनवर दरवेळी म्हणायचा. आईने गूळ-जायफळ घालून गव्हाची खीर केली — आमच्या भागात तिला हुग्गी म्हणतात — आणि वाटी दादाच्या फोटोपुढे ठेवली.

"दत्ता, तुझी भाची हाय रे. आमच्यानं हुईना. तूच भरव बाबा."

मला रडू आलं, थोडा रागही आला. संध्याकाळच्या गाडीने आई परत गेली. उरलेली खीर मी गाईला घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिरिंज ओढली, तर दुधाऐवजी तपकिरी, चिकट काहीतरी आलं. वास घेतला... गूळ आणि जायफळ. थोड्या वेळाने सईला ओकारी झाली आणि दुपट्यावर शिजलेल्या गव्हाचा दाणा पडला. त्या नळीतून जिरंसुद्धा जाणार नाही. म्हणजे कुणीतरी तिला तोंडाने भरवलं होतं.

नवरा कामावर गेला की दिवसभर घरात मी आणि सासूबाईच. मी त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी सईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "मी कशाला मारू माय तिला? तुझा भरवसा न्हाई तर मी जाते," म्हणाल्या आणि नांदेडला दिरांकडे निघून गेल्या. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

पण त्या गेल्यावरही खीर येतच राहिली. नवरा म्हणाला, तूच भरवत असशील, तुझं तुला कळत नसेल. मी त्याच्यावर चिडले खरी, पण मलाही माझीच भीती वाटायला लागली.

म्हणून एका भर दुपारी दार लावून, सईला उशीला टेकवून मी तिच्यासमोर बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. जरा वेळाने सई माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली. आणि तोंड पुसायला बोट जवळ नेलं तरी ओठ घट्ट मिटणाऱ्या माझ्या पोरीने आपणहून आ केला. जीभ हलली. गळा वरखाली झाला. खोलीभर जायफळाचा वास. मग पुन्हा आ... आणि तिला ठसका लागला. ओठ निळे पडायला लागले.

तिला पालथी घालून पाठीवर थापट्या मारत मी त्या रिकाम्या खोलीला म्हणाले, "दादा, बास कर. तिला गिळता येत न्हाई. छातीत चाललंय तिच्या. मरंल रे ती."

वास हळूहळू गेला, कुणी वाटी उचलून आत नेल्यावर जातो तसा. सई रडली. रंग परत आला.

त्याच दिवशी नांदेड गाठलं. छाती साफ निघाली. गिळणं मात्र होतं तसंच, शून्य. मॅडमना मोबाइलमधला दाण्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, हा दाणा हिच्या पोटात पोचूच शकत नाही. येताना सासूबाईंना सगळं सांगितलं, पाया पडून त्यांना घरी आणलं.

त्यानंतर खीर आली नाही. दादाने माझं ऐकलं.

पण सईने ऐकलेलं नाही. रोज दुपारी ती माझ्या खांद्यावरून मागे बघते आणि आ करून थांबते. लाळ गळत राहते. कुणी येत नाही. मग ती माझ्याकडे बघते, आणि ते बघणं मला सहन होत नाही. हल्ली नळीने दिलेलं दूध ती उलटून टाकते. वजन उतरतंय. दूध बदललं, औषधं बदलली, मॅडमना कारण सापडत नाही. मलाही कशाचाच अर्थ लावता आलेला नाही.

काल सासूबाई हळूच म्हणाल्या, "एकदा बोलावून बघ माय त्याला."

मी नाही म्हणाले. आज सईने पुन्हा दूध उलटून टाकलं, त्यांनी पुन्हा विचारलं, आणि आज मी खिरीसाठी गहू भिजत घातले.